जागा धरणारा

१

रविवारी सकाळी ताईचं पान नवं करायचं, हे धाकट्याचं काम. ताई असताना होतं, ताई गेल्यावरही तसंच राहिलं.

पान म्हणजे इंटरनेटवरचं. वर ताईचा फोटो, खाली 'ताज्या बातम्या आणि प्रकाशनं', आणि त्याखाली ओळी: कुठली कथा कुठल्या अंकात आली, कुठली स्वीकारली, कुठली कुठल्या संग्रहात निघणार. ताई कथा लिहायची, छोट्या छोट्या, एका बैठकीत संपणाऱ्या. पानावर काय टाकायचं ते ती पडल्यापडल्या सांगायची आणि धाकटा दोन बोटांनी टाइप करायचा. शाळेनं त्याला लवकरच सोडलं होतं, किंवा त्यानं शाळेला. दुःख दोन्हीकडे नव्हतं. त्याच्या हातून प्रत्येक ओळीत ऱ्हस्व-दीर्घाचा मुडदा पडायचा. ताई म्हणायची, "वेलांटीनं तुझं काय घोडं मारलंय रे?"

ताईला जाऊन दोन महिने होत आले, तरी बातम्या थांबल्या नव्हत्या. आजारपणात तिनं कितीतरी कथा इकडेतिकडे पाठवून ठेवल्या होत्या. संपादक सावकाश वाचतात, त्याहून सावकाश छापतात. माणूस निघून जातं, त्याची कथा रांगेत उभीच असते.

"आज काय आलं?" आईनं विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवरच्या सुपात शेंगा.

"एक मासिकात आली. एकीला पत्र आलंय, घेतली म्हणून."

"तिला कळायला हवं होतं," आई म्हणाली आणि एक शेंग फोडली. "पण गेली ती कथा सांगतासांगता गेली. तू उशाशी होतास. हं-हं करत होतास. असं मरण कुणाला मिळतं?"

हे ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. प्रत्येक वेळी धाकट्याला तहान लागायची. आताही तो पाणी प्यायला उठला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

बोलणाऱ्या बाई एका श्राव्य मासिकाच्या संपादक होत्या. त्यांच्याकडे कथा छापत नसत, ऐकवत. "तुमच्या ताई स्वतःच्या आवाजात कथा भरायच्या. त्यांच्या फोनवरून त्या आपोआप आमच्याकडे जमा व्हायच्या. काल चाळताना एक राहून गेलेली सापडली. तारीख बघितली. शेवटच्या दिवसाची आहे. येत्या रविवारी ऐकवतोय. पानावर बातमी टाकाल ना?"

"टाकतो," धाकटा म्हणाला. पाण्याचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला. त्या दिवशी ताई कथा फोनवर भरत होती, हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं.

२

ताईची कथा आधी तोंडानं तयार व्हायची. डोळे मिटून, छताकडे तोंड करून ती सांगायची, आणि ऐकणारा एकच, धाकटा. त्यानं 'हं' म्हटलं की कथा पुढं सरकायची. 'हं' उशिरा आला की ताई ते वाक्य मोडून पुन्हा बांधायची. शेवटी तो म्हणायचा, "जमलं," नाहीतर "नाही जमलं." न जमलेली कथा घराबाहेर पडत नसे, मग मागणारा संपादक कितीही मोठा असो.

अट एकच होती. धाकट्यानं समोर बसायचं नाही. "तुझं तोंड दिसलं की मला तुला हसवायची हुक्की येते, आणि कथेचा पार विचका होतो." म्हणून तो खाटेच्या डोक्यामागं बसायचा. त्यासाठी त्यानंच एक स्टूल बनवलं होतं. गाड्यांची सीट कव्हरं शिवायची हा त्याचा धंदा. कारखान्यात उरलेला फोम आणि लाल रेक्झिन त्यानं त्या स्टुलाला चढवलं, पण घाईत हवा जायला भोकं ठेवायची राहिली. त्यामुळे कुणी बसलं की शिवणीतून लांब उसासा निघायचा. मालकानं पाहिलं असतं तर कानाखाली वाजवली असती. ताईला मात्र तो आवाज आवडायचा. "बसलास? ऐक आता."

आजारपण लांबलं तशा कथा वाढल्या. सकाळी एक, दुपारी तीच पुन्हा, शेवट बदलून. धाकट्याला एका जागी बसवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं. एकदा वैतागून त्यानं स्वतःचे 'हं' फोनवर भरून ठेवले: थोडं थांबून एक, जरा जास्त थांबून दुसरा, आणि खरं वाटावं म्हणून मधेच एक खोकला. फोन मागच्या फळीवर ठेवला आणि कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आला. ताईला कळलं नाही. पुढच्या वेळीही कळलं नाही. मग सवयच लागली.

त्या दिवशी आई औषधं आणायला गेली होती. खिडकीखाली मित्रानं नव्या मोटरसायकलचा हॉर्न वाजवला. धाकट्यानं फोन फळीवर लावला आणि चपला हातात घेऊन जिना उतरला. एक चक्कर, फार तर दोन.

परतला तेव्हा खोलीत त्याचाच आवाज चालू होता. हं. मग थांबून, हं. ताईचे डोळे उघडे होते. तिचा फोन छातीवर पालथा, बॅटरी संपून बंद पडलेला. फळीवरचा फोन खोकला.

तो बंद करायला हात पोचेपर्यंत आणखी एक 'हं' होऊन गेला.

आई आली, आणि तिनं काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "मी इथंच होतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तेव्हापासून ती टाळ्यालाच चिकटून बसली होती.

३

ताईच्या आवाजातली ती कथा संपादकबाईंनी त्याच्या फोनवर पाठवली. दोन दिवस त्यानं ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्यातल्या एका गाडीत शिरला. पुढच्या सीट काढलेल्या, मागची तेवढी शाबूत. दारं लावली, काचा वर केल्या, कानात हेडफोन घातले.

"ए साहित्यिक," मालकानं बाहेरून टपावर थाप मारली. ताईमुळे कारखान्यात त्याला हेच नाव पडलं होतं. "डबा उघड. का आज शब्दांवरच भागवणार?"

"खाऊन आलोय," धाकटा म्हणाला आणि बटण दाबलं.

"एक माणूस होता," ताई म्हणाली.

इतक्या जवळून म्हणाली की धाकट्यानं मागं वळून पाहिलं.

"त्याचा धंदा रांगेत उभं राहायचा. दुसऱ्यांसाठी. तो म्हणायचा, तुम्ही या तुमची कामं आटपून, तोवर मी तुमची जागा धरतो."

हं, असं मागून आलं. पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. धाकट्याचे कान तापले. बहिऱ्यालाही कळलं असतं की हा माणूस नव्हे, फोन आहे. रविवारी हे सगळे ऐकणार. सगळ्यांत आधी आई ऐकणार.

ताई सांगत राहिली. 'हं' येत राहिले, कधी वाक्य संपल्यावर, कधी शब्दाच्या पोटात. "आणि एकदा ज्याची जागा धरली होती, तो परत," हं, "आलाच नाही." ताई थांबली. फोन खोकला.

"हा खोकला मघाशी होऊन गेला," ताई म्हणाली.

हं.

"उठून गेलास ना, धाकट्या?"

हं.

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. दार कुणीतरी उघडं टाकून गेलंय, वारा येतोय, पण आता उठून कोण लावणार, अशा आवाजात म्हणाली ती. मग नुसता तिचा श्वास. आत जाताना अडखळणारा, बाहेर येताना शिट्टी वाजवणारा. मधेच फळीवरचा 'हं'. बंद करावंसं वाटत होतं आणि अंगठा हलत नव्हता.

तेवढ्यात स्टुलानं उसासा टाकला.

तो आवाज ओळखण्यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं. शिवण त्याची होती. फोम त्यानं कापला होता. पूर्ण वजन पडल्याशिवाय, म्हणजे माणूस आरामात टेकल्याशिवाय, तो उसासा इतका लांब निघत नसे.

"आलास," ताई म्हणाली. आवाज उजळला होता. "कुठं होतो आपण?"

"तो परत आलाच नाही," कुणीतरी म्हणालं.

धाकट्याचाच आवाज होता. धाप नाही, घाई नाही. अगदी उशाशी.

ताईनं कथा पुढं नेली. आता 'हं' दोन होते. एक फळीवरचा, आंधळ्यासारखा कुठंही आपटणारा. दुसरा स्टुलावरचा, जिथं हवा तिथं, हवा तेवढाच. असे 'हं' धाकट्यानं जन्मात दिले नव्हते. ताई त्यांच्यावर पाय ठेवत चालल्यासारखी चालली होती, एकही वाक्य मागं घेत नव्हती. शेवटाकडे तिचा आवाज बसत गेला. कानात सांगावं तसं ती काहीतरी सांगत होती आणि शब्द कळत नव्हते, फक्त मधेमधे तो जवळचा 'हं'.

"जमलं?" तिनं विचारलं.

"जमलं."

"मग आता उठू नकोस."

"नाही उठत," धाकट्याचा आवाज म्हणाला, आणि ध्वनिमुद्रण तुटलं.

गाडीच्या काचा आतून धुकटल्या होत्या. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा मालकानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्या डब्यातली पोळी पुढं केली.

४

चोराच्या मनात चांदणं, असं धाकट्यानं स्वतःला बजावलं. दुपारभर शिवणयंत्रावर बसून तो कारणं शोधत होता. ताई तापात होती. तिनंच दोन्ही आवाज काढले असतील. नकला ती झकास करायची. मालकाचीही करायची. किंवा संपादकबाईंकडे दोन मुद्रणं एकात एक मिसळली असतील. जुनी एखादी कथा, तो खरंच बसला होता त्या दिवसाची, तीही ताईनं भरली असेलच.

पण "उठून गेलास ना" हे विचारल्यावर लगेच जुनं मुद्रण कसं मिसळेल? आणि "नाही उठत" असं तो कधी म्हणाला होता? तो तर रोज उठायचा.

संध्याकाळी आई घरात नव्हती, शेजारी गेली होती. तो ताईच्या खोलीत गेला. खाट तशीच होती, गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. डोक्याकडे स्टूल. त्यानं हातानं दाबलं, नुसतं फुस्स. पाण्यानं भरलेली कळशी ठेवली; जराशी कुरकुर. मग स्वतः बसला. उसासा निघाला, लांब, खोलीच्या कोपऱ्यापर्यंत पोचणारा. मुद्रणातलाच.

उठून तो फोमकडे पाहत राहिला. फोम नवा होता तेव्हा माणूस उठताच टम्म व्हायचा. वापरात नसेल तर तो फुगूनच राहायला हवा, दोन महिने तर कुणी त्याला शिवलंही नव्हतं. रेक्झिनच्या मधोमध बशीएवढा खळगा होता. आत्ता बसला म्हणून पडला असेल, असं म्हणत तो वाट बघत उभा राहिला. खळगा भरला नाही. दिवसरात्र कुणी बसून असल्यावर पडतो तसा खळगा होता तो. टॅक्सीवाल्यांच्या सीटला असतो तसा. त्याच्या धंद्यात त्याला नाव होतं, 'मुरलेली सीट'. ती दोन महिन्यांत मुरत नाही, आणि रिकामी तर नाहीच नाही.

त्यानं तळहात खळग्यात ठेवला. रेक्झिन कोमट होतं. आत्ताच तर मी उठलोय, असं त्यानं मोठ्यानं म्हटलं, आणि कुणी 'हं' म्हणतंय का म्हणून नकळत थांबला.

कुणी म्हटलं नाही. तो खोलीबाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कारखान्यातून संपादकबाईंना फोन लावला.

"ती कथा ऐकवू नका."

"का हो?"

"मी नाही म्हणतोय म्हणून. भाऊ आहे मी तिचा."

"अहो, पण तुमच्या आईंशी कालच बोलणं झालं," बाई म्हणाल्या. "वारस म्हणून त्यांची परवानगी लागणार होती. त्यांना पाठवलीसुद्धा मी. रात्री ऐकते म्हणाल्या. इतकं सुंदर आहे हो ते. तुम्ही दोघं म्हणजे..."

धाकट्यानं फोन ठेवला. मालकाला काहीही न सांगता तो निघाला आणि घरापर्यंत पळतच गेला. वाटेत त्यानं ठरवलं, काय होईल ते होवो. आई मारेल, बोलणं टाकेल. पण तिनं विचारायच्या आत आपणच सांगायचं. या वेळी तरी.

आई दारातच उभी होती. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा होता, ताप उतरल्यावर असतो तसा.

"आई, मला..."

"थांब, आधी माझं ऐक." तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "मला माफ कर."

"काय झालं?"

"ती समोरची मला म्हणाली होती. त्या दिवशी तुझा पोरगा मोटरसायकलवर मागं बसून हिंडत होता, मी डोळ्यांनी बघितला. मी तिला वाटेल ते बोलले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. लोकांना सांगायची मी, भाऊ उशाशी होता, आणि सांगताना तुझ्याकडे बघायची. तू पाणी प्यायला उठायचास." तिनं नाक ओढलं. "दोन महिने मी पोटच्या पोरावर संशय घेतला. काल ऐकलं तेव्हा कळलं. तिनं हाक मारल्याबरोबर येऊन बसलास. मधे फोन लावून जरा उठला असशील, उठतं माणूस. पण आलास की नाही? शेवटपर्यंत राहिलास की नाही?"

सांगायचं ते सगळं धाकट्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. आईच्या हातांची पकड घट्ट होती. तिला रात्री झोप लागली होती, हे दिसत होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"राहिलास ना?"

"हं," धाकटा म्हणाला.

आईनं कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं. खांद्यावर तिचं वजन होतं, तरी आपल्याला काहीतरी हलकं झाल्यासारखं का वाटतंय, हे त्याला कळेना. भार उतरल्यासारखं नव्हतं ते. अंगातून काहीतरी कमी झाल्यासारखं होतं.

रविवारी त्यानं पान नवं केलं. ओळ आईनं सांगितली, त्यानं टाइप केली: शेवटची कथा, लेखिकेच्या आवाजात. ऐकायला सोबत, लेखिकेचा धाकटा भाऊ.

६

कथा गाजली. अनोळखी माणसांचे निरोप आले. असा भाऊ सगळ्यांना मिळो, असं कुणीकुणी लिहिलं. धाकट्यानं ते आईला वाचून दाखवले आणि वाचताना अडखळला, तो कठीण शब्दांमुळे असं आईला वाटलं.

आई आता दुपारची ताईच्या खोलीत पडायला लागली. भिंतीला लावलेली गादी तिनं पुन्हा खाटेवर पसरली. "तिथं डोळा लागतो," म्हणाली. ती पूर्वीपेक्षा जास्त बोलायची, पण धाकट्याशी कमी. संध्याकाळी तो घरी आला आणि काही सांगू लागला की म्हणायची, "हे दुपारीच झालं की आपलं बोलून." कुणाचं, असं त्यानं विचारलं की ती हसायची. "विसरभोळा तो विसरभोळाच."

सांगून टाकलं असतं तर, हे तो रोज घोकायचा. मन चिंती ते वैरी न चिंती.

एका दुपारी कारखान्यातली वीज गेली. मालकानं तासभर वाट बघितली आणि म्हणाला, "जा रे सगळे. साहित्यिक, तू पण जा, आईशी जरा बोलत बस. किती दिवस तोंड पाडून फिरणार?"

"आज बोलणारच आहे," धाकटा म्हणाला. आणि खरंच, त्याचं ठरलं होतं.

जिना चढताना त्यानं वाक्य जुळवलं. मी तिथं नव्हतो, आई. एवढंच. तिची झोप पुन्हा उडेल, तर उडो. निदान शेजारी बसून तिला थोपटणारा तरी खरा असेल.

दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज येत होता, निवांत, पडून बोलणाऱ्याचा.

"...सकाळी नळ पुन्हा गळायला लागला. म्हटलं, तू आलास की सांगेन."

हं.

आई कथा लावून ऐकत असेल, असा पहिला विचार त्याच्या मनात आला. पण कथेत ताई बोलते. आणि नळ आज सकाळी गळला होता.

"तुझा शर्ट धुतला. खिशात पुन्हा खिळे."

हं.

खोलीचं दार वीतभर उघडं होतं. फटीतून खाटेचं टोक दिसलं, आईचे पाय, मग तिचा चेहरा, छताकडे वळलेला, डोळे मिटलेले. डोक्यामागं लाल रेक्झिनची कड. ती खाली दबलेली होती. त्या कडेच्या पुढं आलेला एक गुडघा, खाकी पॅन्टमधला, आणि पॅन्टवर फोम चिकटवायच्या डिंकाचा वाळलेला डाग. धाकट्यानं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. डाग तोच होता, त्याच जागी.

त्याहून पुढं बघायला दार आणखी ढकलावं लागलं असतं. त्यानं ढकललं नाही.

"आई," तो म्हणाला.

आईनं डोळे उघडले नाहीत. मान जराशी मागं झुकवून तिनं विचारलं, "कोण आलंय का रे?"

रेक्झिन करकरलं. गुडघा किंचित दाराकडे वळला आणि पुन्हा सरळ झाला.

"कोणी नाही," धाकट्याचा आवाज म्हणाला. "तू सांग. मग?"

आई सांगू लागली.

तेव्हा धाकट्यानंही सांगितलं. उंबऱ्यात उभं राहून, पहिल्यापासून: फळीवरचा फोन, खिडकीखालचा हॉर्न, हातात घेतलेल्या चपला, ताईचे उघडे डोळे, आईला घातलेली पहिली थाप आणि त्यानंतरच्या सगळ्या. काहीही न गाळता, मोठ्यानं, शेवटपर्यंत सांगितलं. खोलीत आईचं बोलणं चालू होतं आणि तिला वेळच्या वेळी 'हं' मिळत होता.

त्याच्या सांगण्याला कुठूनही आला नाही.